शाळेतील संगणक कोणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. बहुतेकांच्या दृष्टीने ही व्यापाराच्या पानावरची बातमी होती आणि ती तेथेच विरून गेली. वस्तुतः तिची जागा शिक्षणाच्या पानावर होती. २०१५ साली बाजारात आलेली ही प्रणाली देशातील असंख्य शाळांच्या संगणकांत बसविलेली आहे. तिच्यामागून आलेली ‘विंडोज ११’ चालविण्यासाठी यंत्रात एक विशिष्ट सुरक्षा-चिप व नव्या पिढीचा प्रोसेसर असलाच पाहिजे, अशी अट कंपनीने घातली आहे. साधारणपणे २०१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे या कसोटीस उतरत नाहीत. यंत्र चालते आहे, पडदा उजळतो आहे, कळफलकाच्या कळा शाबूत आहेत. तरीही ते कालबाह्य झाले, असे सातासमुद्रापलीकडच्या एका कार्यालयात ठरले. आता शाळांच्या दप्तरी या यंत्रांच्या निर्लेखनाचे प्रस्ताव तयार होऊ लागतील.

हे प्रथमच घडत आहे असेही नाही. एप्रिल २०१४ मध्ये ‘विंडोज एक्सपी’ची हीच गत झाली होती. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या कित्येक शाळांत संगणक आले ते गावाच्या वर्गणीतून. शिक्षक दारोदार हिंडले, कोणी शंभर रुपये दिले, कोणी पोत्याने धान्य दिले, परगावी नोकरीस असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी भर घातली आणि शाळा ‘डिजिटल’ झाली, असा फलक दारावर लागला. या वर्गणीची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातून आलेले यंत्र गावाचे झाले काय, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. लोखंड आणि काच गावाची झाली. त्या यंत्राने कसे चालावे, किती वर्षे चालावे आणि केव्हा थांबावे हे ठरविण्याचा अधिकार गावाकडे आला नाही. शेतकऱ्याने बैल विकत घ्यावा आणि कासरा मात्र विकणाऱ्याच्या हाती राहावा, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराला पर्याय आहे आणि तो नवा नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक संगणकतज्ज्ञ काम करीत असे. तेथील छपाईयंत्रात कागद वारंवार अडकत असे. यंत्र चालविणारी आज्ञावली पाहावयास मिळाली असती, तर त्याने तीत सुधारणा केली असती. पण ती कंपनीचे गुपित होती. ज्याच्याकडे ती होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने, गुप्ततेचा करार केला असल्याचे सांगून, ती देण्यास नकार दिला. ज्ञानाच्या क्षेत्रात शेजाऱ्याला मदत न करण्याची शपथ घ्यावी लागते, ही गोष्ट स्टॉलमनला असह्य झाली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली : कोणीही वापरावी, उघडून अभ्यासावी, गरजेप्रमाणे बदलावी आणि मूळ अथवा बदललेल्या रूपात इतरांस द्यावी अशी संपूर्ण संगणक-प्रणाली निर्माण करावयाची. पुढे १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला, दुसऱ्या वर्षी तो ग्नूच्याच परवान्याखाली खुला केला आणि या दोहोंच्या मेळातून आज ज्यास ‘लिनक्स’ म्हणतात ती प्रणाली उभी राहिली. जगभरच्या हजारो प्रोग्रॅमरांच्या श्रमांतून ती वाढली. त्यांपैकी अनेकांना कंपन्यांनी पगार दिला हेही खरे. परंतु श्रमाचे फळ सर्वांसाठी खुले राहील, ही परवान्याची अट त्या कंपन्यांनाही पाळावी लागली.

इंग्रजीत या विषयाची चर्चा करताना एक अडचण येते. ‘फ्री’ या शब्दाने फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ निघत असल्याने तेथील पुरस्कर्त्यांना दर वेळी खुलासा करीत बसावे लागते. मराठीत ‘मोफत’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे. गंमत अशी की, ज्या भाषेला हा भेद जन्मतःच अवगत आहे त्या भाषेच्या राज्यात शासनाने आणि संस्थाचालकांनी संगणकाचा विचार केला तो केवळ मोफत काय मिळते याच अंगाने. कंपनीने विद्यार्थ्यांना मोफत प्रती दिल्या, शिक्षकांना मोफत प्रशिक्षण दिले, की मंत्र्यांच्या हस्ते सामंजस्य करारावर सह्या होतात. २००२ च्या नोव्हेंबरात बिल गेट्स भारतात आले असता ‘प्रोजेक्ट शिक्षा’ नावाची दोन कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. ८० हजार शिक्षकांना आणि ३५ लाख विद्यार्थ्यांना संगणक-साक्षर करण्याचा तिचा संकल्प होता. दातृत्वाबद्दल शंका घेणे अशिष्ट मानले जाते. तरीही एवढे विचारलेच पाहिजे की, विक्रेता जेव्हा गिऱ्हाइकाच्या मुलाला स्वखर्चाने शिकवू लागतो, तेव्हा तो त्याला काय शिकवितो? तो सवय लावतो. बाराव्या वर्षी लागलेली सवय चाळीस वर्षे टिकते.

याच महाराष्ट्राने हे तत्त्व एका बाबतीत फार पूर्वी मान्य केले होते. १९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाची, म्हणजेच ‘बालभारती’ची स्थापना झाली. मुलाच्या हाती कोणते पुस्तक पडावे हा निर्णय प्रकाशकांच्या स्पर्धेवर आणि शाळांना मिळणाऱ्या सवलतींवर सोडणे योग्य नाही, ते काम सार्वजनिक जबाबदारीचे आहे, या विचाराने शासन त्यात उतरले. बालभारतीच्या पुस्तकांवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. तिच्या पुस्तकांचे हक्क मंडळाकडे राखीव असतात आणि सार्वजनिक पैशातून झालेल्या पुस्तकातील धडा घेऊन शिक्षकाने स्वतःचे काही रचायचे म्हटले तर परवानगीचा प्रश्न उभा राहतो, हाही त्यातलाच एक दोष. पण दुर्गम पाड्यावरच्या आणि शहरातल्या मुलाच्या दप्तरात एकच पुस्तक असावे, हे तिने साधले. ज्या शासनाने छापील पुस्तकाबाबत एवढी दूरदृष्टी दाखविली, त्याने विद्यार्थ्याच्या दुसऱ्या साधनाबाबत, संगणकाबाबत, हात झटकावेत याची संगती लागत नाही.

केरळ राज्याने हात झटकले नाहीत. तेथील कथा विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण ती जशी सांगितली जाते तशी ती घडलेली नाही.

शास्त्रज्ञ यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाच्या अहवालानंतर २००१ साली केरळने ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू केला. आरंभी तोही चाकोरीतलाच होता. माध्यमिक शाळांत संगणक बसवावेत आणि मुलांना विंडोज व तिच्यावर चालणाऱ्या कार्यालयीन आज्ञावल्या शिकवाव्यात, असेच त्याचे रूप होते. विरोध सुरू झाला तो मंत्रालयातून नव्हे. केरळ स्कूल टीचर्स असोसिएशन या शिक्षक-संघटनेने आक्षेप घेतला की, सार्वजनिक शाळेचा अभ्यासक्रम एका कंपनीच्या उत्पादनांची माहितीपुस्तिका होऊ शकत नाही. जुलै २००१ मध्ये स्टॉलमन यांच्या उपस्थितीत तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भारतीय शाखेचे उद्घाटन झाले होते. त्या वर्तुळातील तरुण तंत्रज्ञ शिक्षकांच्या मदतीस आले. शासनाने प्रथम तडजोड केली : दोन्ही प्रणाली असू द्याव्यात, विद्यार्थ्याने आपल्या पसंतीने परीक्षा द्यावी. मग शिक्षकांनी जे केले ते घोषणांहून कठीण होते. ते स्वतः शिकावयास बसले. शिक्षकांतूनच सुमारे दोनशे प्रशिक्षक तयार झाले, त्यांनी प्रत्येक शाळेतील एकेका शिक्षकाला संगणक-समन्वयक म्हणून घडविले, आणि त्या समन्वयकांनी आपापल्या शाळेतील सहकाऱ्यांना. हे समन्वयक बाहेरून आणलेले संगणकतज्ज्ञ नव्हते. कोणी गणिताचा, कोणी भाषेचा, कोणी समाजशास्त्राचा शिक्षक होता. २००८ पर्यंत अशी स्थिती आली की, दहावीची संगणक-परीक्षा संपूर्णपणे मुक्त प्रणालीवर घेण्यात आली आणि सुमारे पाच लाख विद्यार्थी तिला बसले. पसंतीचा रकाना तोवर आपोआप निरुपयोगी झाला होता.

मधल्या काळात, ऑगस्ट २००६ मध्ये, केरळच्या डाव्या आघाडीच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर बंदी घातली, अशा बातम्या परदेशी वृत्तपत्रांतही झळकल्या. तशी बंदी कधीच घातली गेली नव्हती. त्याच महिन्यात त्याच सरकारने कोका-कोला आणि पेप्सी यांवर मात्र खरोखरीची बंदी घातली होती, म्हणून हा गोंधळ उडाला असावा. या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. शीतपेयांवरील बंदी मंत्रिमंडळाच्या हुकुमाने आली, तिच्या छायाचित्रांनी वृत्तपत्रे भरली आणि सप्टेंबरात उच्च न्यायालयाने ती रद्द केली. शाळांतील मुक्त प्रणाली कोणाच्या हुकुमाने आली नव्हती, म्हणून ती कोणाच्या हुकुमाने गेलीही नाही. २००६, २०११ आणि २०१६ या तिन्ही निवडणुकांत केरळात सत्ता बदलली. काँग्रेस आघाडी आली, गेली, पुन्हा आली. डावी आघाडी गेली, पुन्हा आली. एका सरकारने मांडलेले दुसऱ्याने मोडायचे, ही या देशातील सर्वसाधारण रीत. या एका कार्यक्रमास तिचा उपसर्ग झाला नाही. प्रकल्पाचा आरंभ काँग्रेस आघाडीच्या काळात झाला होता, हे डाव्यांच्या सभांत सहसा सांगितले जात नाही. ते सांगितले पाहिजे, कारण त्यातूनच स्पष्ट होते की कार्यक्रमाचा खरा मालक कोण होता.

केरळच्या शिक्षकाला हे का जमले आणि इतरत्र का जमत नाही, याची मुळे संगणकाच्या फार आधीची आहेत. १९६२ साली स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने विज्ञान मल्याळम भाषेतून खेड्यापाड्यांत नेले. तिच्या कार्यकर्त्यांत शाळाशिक्षकांचा भरणा मोठा होता. १९९० साली एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर झाला तो याच कार्यकर्त्यांच्या बळावर. शिक्षक-संघटना म्हणजे वेतनश्रेणी आणि बदल्या यांसाठी निवेदने देणारी यंत्रणा, एवढीच तेथे संघटनेची कल्पना नव्हती. अभ्यासक्रम हाही आपल्या कामाच्या अटींचाच भाग आहे, असे तेथील शिक्षक मानीत आला.

संगणक-तंत्राच्या प्रश्नात भाषेचा प्रश्न किती खोलवर गुंतलेला असतो, तेही तेथेच दिसले. १९७१ साली टंकलेखन यंत्राच्या सोयीसाठी मल्याळम लिपीतील जोडाक्षरे तोडून टाकण्यात आली होती. यंत्राला अक्षर पेलेना म्हणून अक्षरच कापले. पुढे ‘रचना’ या टंकाच्या द्वारे काही भाषाप्रेमींनी जुनी जोडाक्षरे संगणकावर परत आणली, आणि २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ या तरुणांच्या गटाने असे टंक मुक्त परवान्याखाली सर्वांच्या हाती दिले. कोणाची परवानगी मागावी लागली नाही. मराठीलाही हा अनुभव अपरिचित नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून निराळे. पण संगणकावर वर्षानुवर्षे मराठी मुलाने हिंदी वळणाचीच अक्षरे पाहिली, कारण टंक घडविणाऱ्यांच्या हिशेबी देवनागरी म्हणजे हिंदी. बंदिस्त प्रणालीत असे वळण बदलून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. मुक्त टंकात ते वळण जाणणारा कोणीही बदलू शकतो. पुण्यात बसून घडविलेला ‘लोहित’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हे टंक आज कोणालाही उपलब्ध आहेत, लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मराठीत आहेत. मराठी शाळांतील मुलांना त्यांचा पत्ता नाही, हे त्या काम करणाऱ्यांचे अपयश खचित नव्हे.

केरळने मुक्त प्रणालीमुळे किती पैसा वाचविला याचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत. २०१९ साली, शाळांतील दोन लाखांवर संगणकांसाठी नवी लिनक्स-आवृत्ती काढताना, तीन हजार कोटी रुपयांची बचत होईल असे सांगण्यात आले. एकेका यंत्रामागे दीड लाख रुपयांच्या आज्ञावल्या विकत घ्याव्या लागल्या असत्या, असे गृहीत धरून हा हिशेब मांडलेला आहे. कोणतेही राज्य शाळांसाठी तेवढ्या आज्ञावल्या त्या किमतीस खरोखर घेणार नव्हते. तेव्हा हा आकडा जपूनच वापरलेला बरा. मुक्त प्रणालीची बाजू बचतीच्या आकड्यावर उभी केली, तर कंपनी ज्या दिवशी फुकट देऊ लागेल त्या दिवशी ती बाजू कोसळते. आणि कंपन्या फुकट देतातच.

खरी कमाई वेगळी आहे. तेथील शाळांच्या लिनक्स-आवृत्तीत कार्यालयीन पत्रे लिहिण्याच्या साधनाशेजारी भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’ आहे, चित्रांसाठी ‘गिम्प’ आणि ‘इंकस्केप’, मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीसाठी ‘कॅल्झियम’ आहे. म्हणजे संगणक हा स्वतंत्र विषय न राहता गणिताच्या, विज्ञानाच्या, भूगोलाच्या तासाला गेला. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते, हे मूल स्वतः पाहते. आणि तो पाठ त्याच्याच शाळेतील गणिताच्या शिक्षकाने रचलेला असू शकतो. विद्यार्थ्यांना यंत्रे उघडून दुरुस्त करावयास शिकविणारी ‘हार्डवेअर क्लिनिक्स’ शाळांत भरली. २०१७ मध्ये प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ हे विद्यार्थी-मंडळ सुरू झाले. दोन हजारांवर शाळांतील मुले त्यात ॲनिमेशन, प्रोग्रॅम-लेखन आणि मल्याळम संगणनाचे काम करतात.

आता महाराष्ट्राकडे वळावे. येथे माध्यमिक शाळांतील संगणककक्ष ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खासगी कंत्राटदारांकडे देण्यात आले. कंत्राटदाराने यंत्रे बसवावीत, स्वतःचा निदेशक नेमावा आणि मुदत संपल्यावर सारे शाळेच्या स्वाधीन करावे. रस्ते व पूल बांधण्याची ही पद्धत शिक्षणाला लावण्याचे परिणाम काय होतात, याचा अभ्यास बंगळूरच्या ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेने २००९ च्या सुमारास कर्नाटक आणि केरळ यांची तुलना करून मांडला होता. कर्नाटकातील ‘माहिती सिंधू’ ही योजना अशीच कंत्राटी होती. तेथे नियमित शिक्षकाच्या लेखी संगणककक्ष हे परक्याचे घर राहिले. कंत्राट संपताच निदेशक गेला आणि त्याच्याबरोबर ज्ञानही गेले. महाराष्ट्रातील ज्या मुख्याध्यापकांनी मुदत संपलेल्या कक्षाची किल्ली स्वीकारली आहे, त्यांना हे अहवालात वाचण्याची गरज नाही. अल्प मानधनावर राबलेल्या आणि मुदतीअंती रस्त्यावर आलेल्या निदेशकांचा प्रश्नही याच पद्धतीने निर्माण केला. त्यांच्या आंदोलनांकडे पाहताना त्यांना नियमित शिक्षकांचे प्रतिस्पर्धी समजण्याची चूक काही संघटनांनी केली.

प्रौढ व तरुण यांच्या संगणक-साक्षरतेची कथाही निराळी नाही. राज्य शासनाच्या पुढाकाराने निघालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम लक्षावधी तरुणांनी पूर्ण केला. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागते म्हणून शेतमजुराच्या मुलीनेही कर्ज काढून शुल्क भरले. त्याने खेड्यांपर्यंत संगणक पोहोचविला, हे श्रेय नाकारता येत नाही. परंतु त्यात वर्षानुवर्षे मुख्यतः शिकविले गेले ते विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. नावातील ‘एमएस’ ही अक्षरे महाराष्ट्र राज्याची आहेत. अभ्यासक्रम पाहून ती दुसऱ्याच कोणाची असावीत असा संशय कोणास आला, तर त्याला दोष देता येणार नाही. एवढ्या प्रचंड संख्येला आपल्याच राज्याच्या प्रमाणपत्रासाठी शिकविताना निम्मा अभ्यासक्रम जरी मुक्त प्रणालीवर आखला असता, तरी आज प्रत्येक तालुक्याच्या गावी ती जाणणारे शंभर तरुण असते.

मुक्त प्रणालीचा एक प्रयोग महाराष्ट्रात फार लवकर झाला होता, हे पुष्कळांना ठाऊक नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यातील एका धनगरवाड्यावरील वीसेक मुलांच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेची हिरवी-पांढरी यंत्रे आली. त्यांत लिनक्सवर आधारलेली, खास मुलांसाठी रचलेली ‘शुगर’ ही प्रणाली होती. केंद्र सरकारने ही योजना २००६ मध्येच नाकारली होती. हा प्रयोग खासगी साह्याने झाला. मुले रमली, शिक्षकही रमला, पाहुण्यांची रीघ लागली. पण भोवतालच्या केंद्रातील शिक्षकांना त्यात स्थान नव्हते, जिल्ह्याच्या शिक्षणयंत्रणेला नव्हते. प्रयोग वाड्यावरून खाली उतरला नाही. २००८ मध्ये तर त्याच योजनेच्या चालकांनी आपल्या यंत्रांवर विंडोज बसविण्याचा मायक्रोसॉफ्टशी करार केला. तात्पर्य इतकेच की, परवाना मुक्त असला म्हणून शाळा मुक्त होते असे नाही. वरून आलेली देणगी, मग ती लिनक्सची का असेना, वरूनच परतही जाते.

या साऱ्यावर पालकांचा एक आक्षेप असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘नोकरीच्या ठिकाणी विंडोज आहे, मग आमच्या मुलांवरच हा प्रयोग कशासाठी? साहेबांच्या मुलांच्या शाळेत लिनक्स आहे काय?’ वंचित घरातील पालकाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. इंग्रजीच्या बाबतीत ‘बहुजनांनी मातृभाषेत शिकावे’ असे सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कोठे शिकत होती, हे त्याने पाहिलेले आहे. उत्तर वस्तुस्थितीनेच दिले पाहिजे. जगातील पाचशे सर्वांत शक्तिशाली महासंगणकांपैकी प्रत्येक यंत्र २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहे. इंटरनेटचा बहुतांश कारभार तिच्यावर चालतो. त्या पालकाच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. ज्याला प्रणाली बनविण्याची, सांभाळण्याची नोकरी हवी त्याला ती शिकावीच लागते. ज्याला केवळ पत्र टाइप करावयाचे आहे, त्याला एका आज्ञावलीवरून दुसरीकडे जाण्यास आठवडा पुरतो. आणि दहावीत शिकलेली विंडोजची आवृत्ती मूल नोकरीस लागेपर्यंत कंपनीच बदलून टाकते. केरळातील मुलांची पिढीच्या पिढी लिनक्सवर शिकून बाहेर पडली; म्हणून तेथील तरुण बंगळूरच्या कचेऱ्यांतून परत पाठविले गेले, असे ऐकिवात नाही.

तथापि अँड्रॉइडचा दाखला दुधारी आहे, हे मुक्त प्रणालीच्या उत्साही प्रचारकांनी ध्यानात घेतलेले बरे. गाभा मुक्त असूनही त्या फोनवरचा अंमल गूगलचा आहे. आता लढाईची जागाच बदलली आहे. आज्ञावली शाळेच्या यंत्रात राहतच नाही. ती कंपनीच्या गोदामात राहते, आणि मुलाचे लेखन, गुण, उपस्थिती, चुका हे सारे तेथे जाऊन साठते. ऑगस्ट २०२० मध्ये, महामारीने शाळा बंद असताना, महाराष्ट्र शासनाने गूगलशी सहकार्य जाहीर केले. २ कोटी ३० लाख विद्यार्थी व शिक्षकांना त्याचा लाभ होईल असे सांगण्यात आले. केरळही या मोहापासून सर्वस्वी दूर राहिले नाही : २०२१ मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी तेथेही गूगलच्याच मंचाचा आधार घेतला गेला. वीस वर्षांच्या मुक्त परंपरेला ते शोभले नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की केरळात १ जून २०२० रोजी वर्ष सुरू झाले ते ‘व्हिक्टर्स’ या २००५ पासून चालविलेल्या शाळांच्या स्वतःच्या दूरचित्रवाहिनीवर, स्वतःच्या शिक्षकांनी रचलेल्या पाठांनी. घरची भाकरी असताना बाहेरचे बोलावणे स्वीकारणे आणि घरी चूल नसताना स्वीकारणे, यांत अंतर आहे.

केंद्राची धोरणे कागदावर अनुकूल आहेत. शालेय शिक्षणातील माहिती-तंत्रज्ञानाचे २०१२ चे राष्ट्रीय धोरण मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देते. सरकारी कामकाजात मुक्त प्रणाली वापरण्याचे धोरण २०१५ मध्ये अधिसूचित झाले. सी-डॅक या सार्वजनिक संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय भाषांतील लिनक्स-आवृत्ती २००७ पासून आहे. तरीही खरेदीच्या निविदेत यंत्राबरोबर विंडोज मागण्याची सवय सुटत नाही. निविदा लिहिणाऱ्या कारकुनाने मागील वर्षीची निविदा पुढे ठेवलेली असते.

शिक्षक-संघटनांच्या अधिवेशनांत जुनी निवृत्तिवेतन योजना, अशैक्षणिक कामे, पटसंख्येच्या नावाखाली बंद होणाऱ्या शाळा हे विषय येतात आणि ते आलेच पाहिजेत. त्यांच्या शेजारी शाळेतील संगणकाचा ठराव आजवर क्वचितच आला. दहा वर्षांचे जुने यंत्र लिनक्सची हलकी आवृत्ती टाकून पुन्हा वर्गात आणणे, हे एका दुपारचे काम आहे. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील दोन विद्यार्थी ते करून देऊ शकतात आणि एका शिक्षकाला शिकवू शकतात. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती नेमली आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. विंडोज १० च्या यंत्रांचे निर्लेखन करण्याचा विषय येत्या महिन्यांत याच समित्यांपुढे, बहुधा ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली, येईल. पालक म्हणून या समित्यांवर असलेल्या कार्यकर्त्यांनी त्या ठरावावर सही करण्यापूर्वी कक्ष उघडून यंत्रे सुरू करून पाहावीत आणि किती चालतात त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावयास लावावी.